तीन 'व्ही'वाले काका

ज्या ज्या संस्थेत पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक अजून कामावर आहे, तिथे एक काका असतातच. हुद्दा कागदोपत्री काहीही असो. कुठे ते टेक्निकल असिस्टंट असतात, कुठे लॅब इनचार्ज, कुठे नुसतेच 'कॉम्प्युटरवाले'. इथे ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते वाण रसायनशास्त्र विभागात आढळतं. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक बारीक स्क्रू ड्रायव्हर, काखेत लाल बांधणीची वही. वहीत विभागातल्या प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता, डेडस्टॉक नंबर आणि कुठल्या साली कोणी काय बिघडवलं याची नोंद.

त्यांना फोन लावून "काका, सर्व्हर कनेक्ट होत नाहीये" एवढंच सांगून भागत नाही.

"होत नाहीये म्हणजे काय? स्क्रीनवर काय आलंय ते वाच."

"काहीतरी एरर आलाय."

"काहीतरी नावाचा एरर नसतो. वाच."

विद्यार्थ्यांना हा खडूसपणा वाटतो, पण निम्मं निदान या वाचनातच होतं. लांबच्या यंत्रावर एसएसएचने जाताना मिळणाऱ्या प्रत्येक नकाराला लोक सरसकट 'रिफ्यूज केलं' म्हणतात, आणि काकांचा रक्तदाब तिथेच चढतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे निरोप पलीकडे पोचला, पण २२ नंबरच्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नाही आणि तसं यंत्राने तत्काळ कळवलं. 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच नाही. मधल्या फायरवॉलने निरोप गिळला असणार किंवा पलीकडचं यंत्रच बंद असणार. 'पर्मिशन डिनाइड' आलं तर मात्र आपण बरेच आत गेलेलो असतो, फक्त ओळख पटलेली नसते. काकांचा जीव पहिल्या नकारावर आहे. तो पुणेरी पाटीसारखा असतो, दारावरच स्पष्ट लिहिलेला. नुसतं ताटकळत ठेवणाऱ्या 'टाइम्ड आउट'ला ते असभ्य समजतात.

अर्थात पाटी कोणी लावली हेही बघावं लागतं. पासवर्ड चुकवत बसणाऱ्यांना अडवायला सर्व्हरवर फेल२बॅन नावाची राखण असते. मूळ मांडणीत पाच चुका झाल्या की ती त्या पत्त्याला दहा मिनिटं बाहेर ठेवते, आणि बाहेर राहिलेल्याला दिसतं तेच, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. पोरगा धावत येतो, "काका, सर्व्हर मेला!" काका घड्याळ बघतात आणि म्हणतात, "चल, चहा घेऊन येऊ." परत येईपर्यंत सर्व्हर जिवंत. या चहाच्या गुणाबद्दल विभागात कितीतरी वर्षं आदरयुक्त कुजबुज होती. काकांनी खुलासा केला नाही, कारण चहाचे पैसे पोरगा देतो.

राग येतो तो ७७७चा. एखादी फाइल उघडत नाही म्हणून होम डिरेक्टरी सगळ्या जगाला लिहायला मोकळी करून टाकायची, हा विद्यार्थ्यांचा जुना उपाय. त्या क्षणापासून चावी लावून आत जाणं बंद होतं, कारण ज्या घरात कोणीही काहीही ठेवू शकतो तिथल्या चाव्यांच्या यादीवर एसएसएचचा सर्व्हर विश्वास ठेवत नाही. लॉगमध्ये तो तसं स्पष्ट लिहितो. पण लॉग वाचणारे काका एकटेच, आणि त्यामुळे विभागात त्यांच्याकडे अंतर्ज्ञान असल्याची समजूत आहे.

एवढ्याने उलगडलं नाही तर काका कमांडमध्ये एक 'व्ही' घालतात. मग दोन. तिसरा 'व्ही' घातला की एसएसएच काहीच पोटात ठेवत नाही. कुठली फाइल उघडली, कुठली चावी पुढे केली, पलीकडचा काय म्हणाला, सगळं भडाभडा बोलून टाकतं. पडद्यावरून शेकडो ओळी सरकत असताना काका चष्मा कपाळावर चढवून उभे राहतात. त्यांना टोपणनाव पडलं ते यावरूनच.

त्यांच्या जिवाचा तुकडा म्हणजे एनएमआर यंत्राच्या शेजारचा संगणक. एनएमआरच्या चुंबकाला द्रव हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांपर्यंत गार ठेवतात, त्याची किंमत कोटींच्या घरात असते आणि नीट सांभाळला तर तो दशकानुदशकं चालतो. त्याच्याबरोबर आलेल्या संगणकाला मात्र कोणी एवढं आयुष्य दिलेलं नसतं. त्यावर आहे सेंटओएस ५. ही प्रणाली २००७ साली आली आणि ३१ मार्च २०१७ला तिचे सुधार येणं थांबलं. नवी घालायची तर यंत्राचं सॉफ्टवेअरही नवं, त्यासाठी पुरवठादाराचा माणूस, आणि त्याच्या दरपत्रकाला विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक पुरत नाही. म्हणून संगणक आहे तसाच आहे. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेला डेडस्टॉक नंबर, पुढे 'बंद करू नये' असा कागद, आणि खंडेनवमीला वाहिलेल्या झेंडूचं एखादं सुकलेलं फूल पंख्याच्या जाळीत. पंख्याचा आवाज बदललेला काकांना व्हरांड्यातूनच कळतो.

हा म्हातारा रोज रात्री दिवसभराची मोजमापं विभागाच्या सर्व्हरवर पाठवत असे. उन्हाळी सुटीत सर्व्हरवर उबंटू २२.०४ चढवलं. चढवलं ते नव्याने लागलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिन मुलीने, रीतसर परवानगी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमापं आलेली नव्हती.

काका आधी केबलकडे गेले, कारण पस्तीस वर्षांच्या नोकरीत केबलवरचा त्यांचा संशय कधी फिटलेला नाही. केबल निर्दोष निघाली. पिंगला उत्तर आलं. टेलनेटने २२ नंबरचं पोर्ट ठोठावल्यावर सर्व्हरने आपलं नाव आणि आवृत्ती सांगितली, ओपनएसएसएच ८.९. म्हणजे जिवंत आहे, ऐकतोय, पण नाही म्हणतोय. म्हाताऱ्याच्या पडद्यावर तीनच शब्द होते, 'नो केक्स आल्ग'. जुनी सॉफ्टवेअरं मितभाषी. सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच गोष्ट सविस्तर होती. बोलणं गुप्त ठेवण्यासाठी दोघांनी आधी एक सामायिक किल्ली ठरवायची असते. ती ठरवायच्या ज्या तीन पद्धती म्हाताऱ्याने पुढे केल्या, त्यातली एकही सर्व्हरला मान्य नव्हती.

म्हाताऱ्याकडची ओपनएसएसएच ४.३ ही २००६ची. त्याच्या तिन्ही पद्धती एसएचए-१ या हिशेबावर उभ्या. त्यातली सर्वांत दुबळी पद्धत २०१५ साली यादीतून गेली आणि दुसरी २०२०च्या ८.२ आवृत्तीत. म्हाताऱ्याने काही गुन्हा केला नव्हता. तो जिथे होता तिथेच होता, मधल्या मधे शिष्टाचार बदलले होते.

काकांना यावरचा तोडगा पाठ आहे. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये पद्धतीचं नाव लिहायचं आणि त्याच्या आधी अधिक चिन्ह घालायचं. म्हणजे नेहमीची यादी कायम ठेवून हा एक पाहुणा जास्तीचा. त्यांनी ओळ घातली, सेवा पुन्हा चालू केली. लगेच नवा नकार आला, 'नो होस्टकी आल्ग'.

"छान," काका म्हणाले. "पुढे गेलो."

मुलगी चक्रावली. पण यातच काकांचं सगळं शास्त्र आहे. तोच एरर पुन्हा आला तर आपण जागच्या जागी, वेगळा आला तर एक पायरी वर. त्यांनी सर्व्हरच्या स्वतःच्या ओळखीसाठी जुन्या आरएसए सहीची दुसरी ओळ घातली. ही सही एसएचए-१वर चालते आणि २०२१च्या ८.८ आवृत्तीपासून आपोआप स्वीकारली जात नाही. मग 'पर्मिशन डिनाइड' आलं, कारण म्हाताऱ्याची स्वतःची चावीही त्याच सहीची. तिसरी ओळ, तिसरं अधिक चिन्ह. म्हातारा आत गेला आणि काकांनी वहीत तारीख घातली.

"काका, पण हे असं नाही ठेवता यायचं," मुलगी म्हणाली.

इथून पुढे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण दोघेही एकमेकांना चहा पाजत होते. २०१७ साली गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. पुढे त्याहून घातक प्रकारचा हल्ला पन्नास हजार डॉलरांच्या आत होऊ शकतो असं खुद्द ओपनएसएसएचच्या निवेदनात आलं. मुलीने हे सांगितल्यावर काकांनी मान डोलावली. "आमच्या बेंझीनच्या आलेखासाठी पन्नास हजार डॉलर कोण घालणार? आणि घातलेच, तर आधी विभागाला द्या म्हणावं." मुलीने शांतपणे दाखवून दिलं की सर्व्हरवर बेंझीन एकटं राहत नाही, तिथे प्रबंधांचे मसुदे आहेत, अंतर्गत परीक्षेचे गुण आहेत. शिवाय किल्ली ठरते त्या वेळी आलेला कोण आहे हे सर्व्हरला ठाऊकच नसतं, त्यामुळे ही सवलत एकट्या म्हाताऱ्यापुरती देता येत नाही. दिली की सगळ्यांनाच.

प्रस्तुत लेखकाला इथे मुलीचं म्हणणं पटतं. काकांच्या जातीच्या लोकांचं निदान बहुधा अचूक असतं, औषधाची मात्रा मात्र बेहिशेबी. असं अधिक चिन्ह एकदा घातलं की ते काढायची आठवण कोणाला राहत नाही.

गंमत म्हणजे एसएसएचचा जन्मच अशा बेफिकिरीतून झालेला आहे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड कोणीतरी टिपून घेतले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी हा प्रोग्राम लिहिला आणि एफटीपीचं २१ व टेलनेटचं २३ यांच्या मधलं मोकळं २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. काका तेव्हाही टेलनेटच वापरत होते. त्यात पासवर्ड उघडावाघडा जातो हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या मते तेव्हा बघायला तरी कोण होतं?

तोडगा मुलीनेच काढला. म्हाताऱ्याने सर्व्हरकडे जायचंच नाही. सर्व्हरने रात्री म्हाताऱ्याकडे येऊन मोजमापं घेऊन जायची. जुन्या पद्धतींची परवानगी मग सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला, फक्त या एका पत्त्यापुरती लिहिता येते, आणि त्याचं दार इतर सर्वांसाठी पहिल्यासारखंच घट्ट राहतं. म्हाताऱ्याला इंटरनेट दिसणार नाही अशा वेगळ्या जाळ्यात ठेवायचं ठरलं. काकांना हे एकदम पटलं, पण कारण त्यांचं स्वतःचं होतं. "धाकट्यानंच थोरल्याकडे यायचं असतं. तुम्हीच उलटं करून ठेवलं होतं."

तरी पहिल्या रात्री 'पर्मिशन डिनाइड' आलंच. मुलीने म्हाताऱ्याच्या लॉगमध्ये आजची तारीख शोधली, तर एक ओळ नाही. काकांनी वाकून पाहिलं आणि सरळ फाइलीच्या शेवटाला गेले. रविवारी वीज गेली होती, यूपीएसने मान टाकली होती आणि मदरबोर्डवरचा सेल केव्हाच संपलेला. त्यामुळे चालू झाल्यापासून म्हातारा कित्येक वर्षं मागच्या जानेवारीत राहत होता. त्या जानेवारीत ओळ सापडली, या प्रकारची चावी चालत नाही अशी. मुलीने ईडी२५५१९ची झकास नवी चावी केली होती. हा प्रकार ओपनएसएसएचमध्ये आला २०१४ साली. २००६च्या म्हाताऱ्याने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. दोन हजार अठ्ठेचाळीस बिटांची साधी आरएसए चावी केली आणि काम झालं. त्या दिवसापासून ही सगळी योजना 'आमची योजना' म्हणून भौतिकशास्त्र विभागात सांगितली जाते. मुलगी त्यावर काही बोलत नाही. तिने वही बघितली आहे, तीत तिचं नाव काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

उरला तो सेल. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, कोणत्याही घड्याळजीकडे मिळणारा. काकांनी स्वतःच्या पैशाने आणला, बसवला आणि बिल हिशेब विभागात टाकलं. महिन्याने शेरा आला : 'सदर संगणकाचे विहित आयुर्मान संपलेले असताना त्यासाठी सेल खरेदी करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा.' काकांनी खाली लिहिलं, 'सेल संपला होता, संगणक चालू आहे,' आणि सही ठोकली.

कागद पंधरा दिवसांनी परत आला. 'खुलासा मान्य. तथापि तीन कोटेशने जोडावीत.'