हे असंच असतं ना?

जुन्या गाडीच्या मालकाला प्रश्न पुष्कळ पडतात. तेल का गळतं, उन्हात बंद का पडते, साचलेल्या पाण्यात घालावी की नाही, सुटे भाग कुठे मिळतात. पण मिस्त्रीसमोर उभं राहून तोंड उघडायची वेळ आली, की या सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न होतो : ‘हे असंच असतं ना?’

कोलकात्यात माझ्याकडे जुनी पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर आहे. घराणं ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्डचं. पण जन्म हुगळीपलीकडे उत्तरपाऱ्याला, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात, त्यामुळे इथे तिला कुणी परकी मानत नाही. पुण्याचे मामा हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरले होते. त्यांना आणायला गेलो, तर गाडीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “अ‍ॅव्हरेज काय देते रे?”

“पेट्रोलचं विचारताय मामा, की तेलाचं?”

मामा पुढे हावड्यापर्यंत काही बोलले नाहीत.

तेलाची गोष्ट मात्र खरी आहे. रात्री गाडी उभी करावी आणि सकाळी तिच्याखाली काळा टिपका पाहावा, हा नेम. मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली जातो, ओलं बोट नाकाशी नेतो, गमछ्याला पुसतो आणि सांगतो, “ऐसा ही होता है, दादा.” ही टाळाटाळ नव्हे. या १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं सील नसतंच. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले असतात. शाफ्ट फिरला की बाहेर निघू पाहणारं तेल ते आत परतवतात. फिरणं थांबलं की परतवणंही थांबलं. म्हणजे गाडी धावताना तेल धरून ठेवते आणि विसाव्याला आली की सोडते. गळती हा बिघाड नाही, आराखडाच तसा आहे.

यावर हसू येत असेल, तर जरा जपानकडे पाहावं. माझ्दाने २००३ मध्ये आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. तीन टोकांचे दोन रोटर आपापल्या पोकळीत गरगरतात. दोन्ही मिळून १३०८ सीसी, म्हणजे माझ्या अ‍ॅम्बॅसेडरपेक्षा इंजिन लहान आणि ताकद कितीतरी पट! पण रोटरच्या टोकांवरची सीलं कोरडी पडू नयेत, म्हणून हे इंजिन स्वतःचंच थोडं थोडं तेल ज्वलनाच्या जागी सोडतं आणि जाळून टाकतं. त्यामुळे एक-दोनदा पेट्रोल भरलं की तेलाची पट्टी ओढून बघायची, हा तिच्या मालकाचा धर्म. शिवाय थंड गाडी सुरू करून फाटकापासून सावलीपर्यंत नेली आणि लगेच बंद केली, तर आत न जळलेलं पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि मग ती लवकर सुरू होत नाही. गाडी चार हात सरकवायची असेल, तरी तिला आधी फिरवून आणावं लागतं. याच जातीच्या, पण चार रोटरच्या इंजिनावर माझ्दाने १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जगज्जेत्या घराण्यातल्या गाडीचे मालकही मान खाली घालून तेच विचारतात : एवढं तेल पिते, हे असंच असतं ना?

आमचं दुसरं प्रकरण मे महिन्यातलं. अ‍ॅम्बॅसेडरचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला. पार्क सर्कसच्या गर्दीत गाडी तापली, की पेट्रोलची आतल्या आतच वाफ होते. पंप द्रव ओढायला बनवलेला. वाफेपुढे तो हात टेकतो. उपाय म्हणजे ओला गमछा. तो पिळून पंपाला गुंडाळायचा आणि थांबायचं. बॉनेट वर गेलं, की पाच-सहा माणसं जमतात. निदानं वेगवेगळी येतात, मग भांडण इंजिनावरून फुटबॉलवर जातं, आणि मोहन बागानचा निकाल लागायच्या आत गाडी सुरू होते.

पावसाळ्यात ठनठनियाला पाणी भरतं. तिथे पहिला गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, आणि बंद पडलीच तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरडी पुसायची. शर्टाची बाही चालते. सुट्या भागांसाठी मल्लिकबाजार. तिथला दुकानदार दोन डबे पुढे करतो : एक ‘नया’, दुसरा ‘पुराना, असली’. महाग दुसरा.

एवढं सगळं ‘असंच असतं’ म्हणून पचवता येतं. एक गोष्ट मात्र पचत नाही, ती म्हणजे धूर. तेल माझ्या अंगणात गळतं, धूर दुसऱ्याच्या छातीत जातो. २००८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाड्या महानगरातून काढायला सांगितल्या, तेव्हा पिवळ्या अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सीवाल्यांसाठी जीव हळहळला, पण वाद घालायला मुद्दा सापडेना. म्हणून मी कार्ब्युरेटर आणि टायमिंगच्या बाबतीत मिस्त्रीचा ‘ऐसा ही होता है’ ऐकून घेत नाही. उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. ज्याला पंधराचा पाढा येतो, त्याने टॅक्सींचं पुढचं गणित स्वतः करावं.

गंमत अशी, की याच शहरात १९६८ पासून ‘द स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली भरते. तिथे गाडी जितकी म्हातारी तितक्या टाळ्या जास्त. म्हणजे पंधरा वर्षांची टॅक्सी भंगारात, पन्नास वर्षांची गाडी हारतुऱ्यांत. वयाची ही दोन टोकं सांभाळायला न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे. मधली पस्तीस वर्षं कुणाचीच नसतात. ती मालकाने काढायची.

परवा मामांचा फोन आला. “विकणार कधी ती?” मी म्हटलं, “मामा, आता कुठे तिला टाळ्या मिळायचं वय जवळ येतंय.” यावर मामांनी विचारलं, रॅलीत पेट्रोल ते घालतात की आपलं आपण?