समुद्र नसलेल्या गावी जहाज कसे बांधावे

लाकडी जहाजाची प्रतिकृती बांधण्याचा छंद लावून घेणाऱ्याने सर्वांत आधी आपले गाव समुद्रापासून पुरेसे दूर आहे ना, याची खात्री करून घ्यावी. या कसोटीवर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला महाराष्ट्रात फारसे प्रतिस्पर्धी नाहीत. सरळ रेषेत मोजले तरी मुंबईचा समुद्र इथून साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. विशाखापट्टणमचा त्याहून पुष्कळ जवळ, पण मराठी माणूस तो समुद्र हिशेबात धरत नाही. गाढवी नदीचे पाणीसुद्धा वैनगंगेला, वैनगंगेचे प्राणहितेला आणि प्राणहितेचे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. कोकण किनाऱ्याशी इथला पाण्याचाही संबंध नाही. ही उणीव नसून भांडवल आहे, एवढेच या मार्गदर्शनाचे म्हणणे. मालवणात कोणी ओट्यावर जहाज बांधायला घेतले, तर दिवस मावळायच्या आत दोन तांडेल आणि एक निवृत्त खलाशी शेजारी येऊन बसणार आणि शिडाचे परबाण चुकीच्या जागी बांधले आहे असे सांगणार. अर्जुनीत असे सांगणारा माणूस मिळणे कठीण. महिनोन् महिने एकट्याने मान खाली घालून करायच्या कामाला जाणकारांचा शेजार घातकच.

न पाहिलेली वस्तू हुबेहूब कशी करणार, अशी हरकत यावर निघेल. हरकत रास्त वाटते, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. भारतीय नौदलाने 21 मे 2025 रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ नावाचे शिडाचे जहाज ताफ्यात घेतले. एकही लोखंडी खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेले. त्याला आधार कशाचा, तर अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्राचा. अजिंठा म्हणजे वाघूर नदीची घळ. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर. चित्रकाराने बंदर कधी पाहिले होते की व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकूनच रंगवले, हे त्याचे त्याला ठाऊक. पण दीड हजार वर्षांनी गोव्याची नौका बांधणारी कंपनी, केरळचे कारागीर आणि आयआयटी मद्रासची मंडळी त्याच्या चित्रावरून जहाज उभे करायला लागली. चित्रात पाण्याखालचा भाग दिसत नाही, आराखडा तर नव्हताच; तो भाग तर्काने ठरवावा लागला. घळीत बसलेल्या माणसाचे जहाज नौदलाला चालत असेल, तर अर्जुनीच्या झाडीपट्टीतल्या माणसाने संकोच करण्याचे कारण नाही. त्याहूनही बळकट दाखला इंग्लंडमधला आहे. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे 1797 पासून फ्रेंच युद्धकैद्यांची छावणी होती. समुद्र दिसत नाही, लाकूड पुरेसे नाही, हत्यारे बेताची. या कैद्यांनी जेवणात येणारी मांसाची हाडे उकळून, घासून, त्यांच्या बारीक पट्ट्या काढून युद्धनौका बांधल्या आणि छावणीच्या बाजारात विकल्या. त्यांतले बरेच खलाशी होते हे खरे, पण समोर जहाज नव्हते, आठवण होती. त्यामुळे पुष्कळ नौकांची प्रमाणे चुकलेली आहेत. त्या नौका आज संग्रहालयांत काचेआड आहेत आणि चुका काढणारे बाहेर तिकीट काढून उभे आहेत.

जहाजाची निवड मात्र जपून करावी. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानी लाकडात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. ती देखणी आहे, तिचे कागद उपलब्ध आहेत, आणि म्हणूनच ती टाळावी. ती अजून इंग्लंडात हार्टलपूलला शाबूत उभी आहे. कोणाचा तरी भाचा नोकरीनिमित्त तिकडे जातोच. तो तोफांची भोके मोजून येईल आणि दिवाळीत सर्वांसमोर आकडा सांगेल. त्यापेक्षा मराठी आरमाराचे गुराब घ्यावे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गुराबाला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या आणि दीडशे ते तीनशे टन भार सांगितला आहे. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. यापलीकडे तपशील फार नाही, कारण मिस्त्री लोक कागदावर आराखडा काढून बसत नसत. माप डोक्यात आणि हातात असे. जिथे मूळ नाही तिथे प्रत चुकत नाही. इतिहासाचे अभ्यासक या वाक्यावर नाराज होतील, पण ते क्वचितच जहाजे बांधतात.

आता लाकूड. सागाच्या मुलुखात राहून साग वापरायचा नाही, हे वाचकाला पटवणे या मार्गदर्शनातले सर्वांत अवघड काम आहे. प्रमाण 1:50 धरले तर सागाच्या फळीतले 0.3 मिलिमीटरचे छिद्र जहाजावर दीड सेंटिमीटरचे भोक होते. असल्या फळ्यांच्या नौकेत बसून कोणी शत्रूवर चालून जाणार नाही. हळदूचे लाकूड पिवळसर, एकजीव, बारीक रेषांचे. पूर्वी त्याचे बॉबिन आणि फण्या करत, ते उगीच नव्हे. जवळच्या नवेगावच्या जंगलात हळदू आहे, परंतु ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 पासून व्याघ्र प्रकल्पातही मोडते. कुऱ्हाड घेऊन आत गेल्यास वाघ आधी भेटेल की वनरक्षक, हे सांगता येत नाही. दोघांनाही छंद ही सबब पुरत नाही. तेव्हा सुताराच्या दुकानातले तुकडे, मोडक्या पेटीचे झाकण, जुन्या खाटेची पाटी यांवर भागवावे. घरातली खाट मोडकी आहे की नाही, याबाबत घरच्यांचे मत अंतिम समजावे.

खरी परीक्षा फळ्या बसवताना होते, म्हणून इथे घाई करू नये. कणा आणि त्यावर उभ्या फासळ्या हे काम कोणालाही जमते; प्लायवूड, करवत आणि कानस एवढ्यात ते उरकते. मग 5 मिलिमीटर रुंद आणि 1 मिलिमीटर जाड अशा पट्ट्या एकेक करून चिकटवायच्या. पट्टी सरळ, जहाज गोल. ती वाकवायला परदेशी छंदिष्ट विजेचे खास यंत्र घेतात. धानाच्या तालुक्यात हा खर्च हास्यास्पद आहे. भाताच्या गंजावरचे झाकण थोडे सरकवून त्या वाफेवर भिजवलेली पट्टी धरावी आणि नरम पडली की बोटांनी हळूहळू वळवून फासळीवर टाचणीने रोवून ठेवावी. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात एक पट्टी होते. दुसरी पट्टी संध्याकाळच्या भाताला. आता नवशिक्या जिथे हमखास फसतो ती जागा. मधल्या फासळीचा घेर समजा 16 सेंटिमीटर असेल आणि नाळेपाशी 9, तर मधे जितक्या पट्ट्या मावल्या तितक्या पुढे मावणार नाहीत. त्या एकमेकींवर चढू लागतात. दोष फेव्हिकॉलचा नसतो, भूमितीचा असतो. प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्याने निमुळती करावी, 5 मिलिमीटरची पावणेतीनपर्यंत आणावी. हे न करता उरलेल्या फटीत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरणारे लोक आहेत. त्यांनी निदान रंग गडद द्यावा.

जहाज तयार झाले की शेजारीपाजारी एकमुखाने म्हणतील, चला, नवेगावबांधला नेऊन सोडू. कोहळी समाजाच्या कोलू पाटलाने डोंगरांमधली वाट बांधून अडवलेला तो तलाव अठराव्या शतकापासून अर्ध्या तालुक्याचा अभिमान आहे, आणि नकार दिला तर तलावाचा अपमान समजला जातो. तरी नकार द्यावा. 1:50 ने लहान केलेल्या नौकेचे आकारमान 1,25,000 पटींनी घटते. म्हणजे 50 टनांच्या जहाजाच्या प्रतिकृतीचे वजन नेमके 400 ग्रॅम भरले पाहिजे. प्लायवूड, पितळी तोफा आणि वर सांगितलेला भुसा धरून ते तेवढे भरत नाही, जास्तच भरते. शिवाय शिडाचे क्षेत्रफळ फक्त 2,500 पटींनी कमी होते. वजनाच्या मानाने शीड अवाढव्य होऊन बसते आणि बांधावरची साधी झुळूक जहाज आडवे करते. शेजारून ढिवराचा डोंगा मात्र डुलत डुलत निघून जाईल. तो कुणाची प्रतिकृती नाही, त्यामुळे त्याला हा त्रास नाही.

सर्वांत टणक हरकत शेवटी येते: याचा उपयोग काय? आयआयटी मद्रासने ‘कौंडिण्य’च्या छोट्या प्रतिकृतीवरच पाण्यातल्या वागणुकीच्या चाचण्या घेतल्या, असे उत्तर देण्याचा मोह होईल. देऊ नये. उपयोग एकदा कबूल केला की उत्पन्न विचारतात. याहून चांगला युक्तिवाद विदर्भाच्या घराघरांत चाकांवर उभा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो 1806 साली सुरू केला असे सांगतात. पोरे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजाऱ्याचे खाऊ-पैसे घेऊन येतात. हा नंदी नांगर ओढत नाही, चिखलणीला येत नाही, शेणसुद्धा देत नाही. तरी त्याच्या वशिंडाची गोलाई आणि शिंगांचा बाक बरोबर साधणाऱ्या सुताराला लोक मागेल ती किंमत देतात, आणि उपयोग काय असे सव्वादोनशे वर्षांत कोणी विचारलेले नाही. बैलाची प्रतिकृती चालते आणि जहाजाची चालत नाही, याला तत्त्वाचा आधार काय? बैल आपला आहे, जहाज परके आहे, असे कोणी म्हणेल. पण ट्रॅक्टर आल्यापासून बैलही दरवर्षी थोडा थोडा परका होतो आहे, आणि नंदीची उंची मात्र वाढते आहे. म्हणजे प्रतिकृतीला मूळ वस्तू जवळ असण्याची गरज नसते. मूळ दूर गेले की ती उलट जोमात येते.

वेळेचा प्रश्न त्यामानाने सोपा. रोवणीच्या दिवसांत जहाजाचे नाव काढू नये. हवा दमट, लाकूड फुगलेले आणि घरातला प्रत्येक हात धानाच्या बांधीत. मळणी झाल्यावर मोह वेचायला लागेपर्यंतचा काळ उत्तम, फक्त त्याच काळात झाडीपट्टीची नाटकेही रात्रभर चालतात आणि जागलेल्या डोळ्यांनी दोरखंडाच्या गाठी मारल्या की डोलकाठी वाकडी होते. उन्हाळ्यात फळ्यांना तडे जातात, तेव्हा त्याआधी जहाज काचेच्या पेटीत गेलेले बरे. पेटीला कुलूप असावे. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी घरातली मुले त्याला चाके लावून मागतील, आणि तोरणाखाली नंद्यांच्या रांगेत तीन डोलकाठ्यांचे गुराब येऊन उभे राहिले, तर त्याला कोणत्या गटात बक्षीस द्यायचे यावर परीक्षकांची बैठक लांबेल.