सातबाऱ्यावरील इतर अधिकार

जमिनीचा सातबारा ज्याने एकदा तरी डोळ्यांखालून घातला आहे, त्याला त्यातील ‘इतर अधिकार’ नावाच्या रकान्याचे भय ठाऊक असते. कारण मालकाच्या रकान्यात आपले नाव ठसठशीत अक्षरांत झळकत असले, तरी या दुसऱ्या रकान्यात कुणाची विहिरीवरची पाळी, कुणाची पायवाट, विकास सोसायटीचा बोजा आणि दिवंगत चुलत्याच्या दुसऱ्या कुटुंबाची पोटगी अशी मंडळी पथारी पसरून बसलेली असतात. मोटारीला असा रकाना नसतो, हा माझा समज गेल्या वर्षापर्यंत अबाधित होता.

आमच्या सोसायटीतील एका सद्गृहस्थांकडे देखभालखर्चाची चार वर्षांची बाकी तुंबली होती, आणि खजिनदार या नात्याने त्यांना फोन करकरून माझा अंगठा झिजला असता, “रेंज नसते हो,” या एकाच सबबीवर त्यांनी ती चारही वर्षे निभावून नेली होती. शेवटी परगावी जाताना त्यांनी आपली सहा वर्षे वापरलेली गाडी विकायला काढली. मी ती घेतली, किमतीतून बाकी वळती केली, नोंदणीपत्रावर नाव चढवले आणि आता ही मिळकत निर्वेध आपली झाली या आनंदात चावी फिरवली. तोच डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेल्या, शाळेतल्या पाटीएवढ्या पडद्याने त्या सद्गृहस्थांचे नाव घेऊन माझे स्वागत केले.

त्या पडद्याच्या उदरात त्यांचे सबंध दफ्तर जसेच्या तसे राहिले होते. ‘दूध नवीन’, ‘मामा सांगली जुना’, ‘डॉक्टर गुडघा’, ‘साडू बँक’, ‘उचलू नये १’, ‘उचलू नये २’ अशी नावे एकामागून एक सरकू लागली, तेव्हा दुसऱ्याचे पत्र चुकून फोडले गेल्यावर सभ्य मनुष्य ज्या लगबगीने पाकीट पुन्हा चिकटवतो, तितक्याच लगबगीने मी तो पडदा बंद केला. पुसायचे ते सवडीने पुसू, असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल झाले.

पुढे माझ्याही फोनची जोडणी करणे प्राप्त झाले. गाडीसोबत मिळालेली वायर लावली, तर फोन नुसताच चार्ज होऊ लागला आणि पडदा ढिम्म राहिला, दोन दिवस गाडीला दोष देऊन झाल्यावर दुकानातील पोराने सांगितले, “काका, ही नुसती चार्जिंगची आहे, डेटाची नाही.” डेटाची वायर आणली, आणि पडद्याने माझ्यापुढे एकापाठोपाठ एक अर्ज ठेवले. नावांची यादी वाचू का, आलेल्यागेलेल्या फोनांची नोंद पाहू का, संदेश उघडू का, तुम्ही कोठे आहात ते जाणू का, आणि तुमचा आवाज ऐकू का? दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कारकून बोट ठेवील तेथे जशी आपण सही करतो, तशी मी पाचही ठिकाणी संमती दिली. म्हणजे जे मुखत्यारपत्र सख्ख्या भावाला देताना मी तीन वकिलांना विचारले असते, ते एका काचेला दोन मिनिटांत देऊन मोकळा झालो.

मोटारीत यंत्राने बोलावे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी 1930 साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्यालाच ‘मोटोरोला’ हे नाव दिले, तेव्हाही चालकाचे चित्त ढळेल म्हणून तिकडे ओरड झालीच होती. परंतु त्या बिचाऱ्याने केवळ कान मागितला होता. 2014 साली अॅपल कारप्ले आणि पुढल्याच वर्षी अँड्रॉइड ऑटो रस्त्यावर आले ते, फोन खिशात राहावा व दृष्टी रस्त्यावर राहावी, अशी परोपकारी प्रतिज्ञा घेऊन. आणि हे खरेच, की हातातल्या फोनपेक्षा मोठ्या अक्षरांचा, मोजक्याच गोष्टी दाखवणारा हा पडदा पत्करला. केवळ तो मोठा असल्यामुळे आपण त्याच्याकडे अधिक पाहतो, एवढीच काय ती किरकोळ अडचण.

कायद्याने आपल्यापरीने बंदोबस्त केला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन 184व्या कलमान्वये वाहन चालवताना हातात धरलेले संपर्कसाधन वापरणे धोकादायक ठरले, आणि पहिल्याच गुन्ह्याला 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास आला. 2020च्या नियमदुरुस्तीने मात्र केवळ मार्ग पाहण्यापुरती सवलत दिली, तीही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. आता चित्त विचलित झाले की नाही याचा पंचनामा कोणत्या हवालदाराने करावा, हे नियमात आढळत नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने 2013 साली निदान माप तरी ठरवले: यंत्राकडे टाकलेली एक नजर दोन सेकंदांहून लांबू नये. ताशी 60 किलोमीटरच्या गतीने दोन सेकंदांत गाडी 33 मीटर जाते, आणि आमच्या पेठेत 33 मीटरांत दोन रिक्षा, एक हातगाडी, उलट दिशेने येणारा एक निरागस दुचाकीस्वार आणि मंडळाच्या मांडवाचा कोपरा एवढा ऐवज सहज मावतो. (पेठेत 60ची गती कोणाला लाभते, हा प्रश्न रास्त आहे, तो मी घाटासाठी राखून ठेवतो.)

बटणांचे दिवस बरे होते, असे म्हटले की तरुण मंडळी हसतात, म्हणून परदेशी साक्षीदार उभा करतो. स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने 2022 साली ताशी 110 किलोमीटरच्या गतीत रेडिओ लावणे, आसन गरम करणे अशी चार साधी कामे चालकांना करायला लावली. बटणांच्या 2005 सालच्या जुन्या गाडीत ती दहा सेकंदांत, 306 मीटरांत उरकली, आणि पडद्याच्या एका नव्या गाडीत त्यांना 44.9 सेकंद व 1372 मीटर लागले. युरोपातील गाड्यांची सुरक्षापरीक्षा घेणाऱ्या संस्थेनेही 2026पासून वायपर, भोंगा, दिशादर्शक यांसारख्या पाच गोष्टींना हाताला लागतील अशी बटणे नसल्यास गुण कापण्याचे ठरवले आहे.

तोंडाने हुकूम द्यावा, तर तेथेही शांती नाही. यूटा विद्यापीठातील संशोधकांना 2015 साली आढळले, की यंत्राला तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही मन रस्त्यावर पुरते परतायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. आमच्या गाडीतील बाईंना मी ‘कुमुदमावशीला फोन लाव’ म्हणालो, की त्या ‘कुमठेकर रस्ता’ दाखवतात. त्यावर मी जे बोलतो ते आज्ञा या सदरात बसत नाही, आणि 27 सेकंदांत ओसरतही नाही. इंग्रजी लिपीत आलेली मराठी त्या ज्या उच्चाराने वाचतात, त्यामुळे कोथिंबिरीची जुडी आणायचा साधा निरोप मी खंडाळ्याच्या घाटात एखाद्या पोर्तुगीज सरदाराचे नाव म्हणून ऐकला.

खरा अनर्थ दारात उभ्या गाडीने केला. आमचे घर तळमजल्यावर. मी दिवाणखान्यात मेहुण्याशी फोनवर बोलत होतो, आणि व्याह्यांना स्टेशनवर सोडण्यासाठी चिरंजीवांनी बाहेर गाडी सुरू केली. गाडीने आपला ब्लूटूथचा हक्क तत्काळ बजावला, माझ्या कानातला आवाज एकाएकी लोपला, आणि “पण लग्नात त्यांनी जेवणाचं जे काही केलं ना...” हे मेहुण्याचे वाक्य चार स्पीकरांतून, पाठीमागे बसलेल्या व्याह्यांच्या सेवेत रुजू झाले.

1 एप्रिल 1957 या दिवशी कूळकायद्याने मुंबई राज्यात कसणाऱ्या कुळाला जमिनीचे मालक मानले. गाडी हाकणाऱ्याला गाडीचे मालक मानणारा कायदा अद्याप व्हायचा असल्याने, मी घरापुरता तो स्वतःच अमलात आणला. चाक फिरण्यापूर्वी मुक्काम नोंदवायचा. घाटात व बोगद्यात फोनचे जाळे तुटते म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवायचा. निरोपांची घंटा बंद करायची, घरातून निघण्याआधी गाडीचा आवाज बारीक करायचा आणि रस्ता चुकलाच तर तो सुखाने चुकू द्यायचा. पडद्याची वहिवाट मी सौभाग्यवतींच्या नावे करून दिली आहे. “अहो, तुम्ही पुढे बघा, ती काय म्हणतेय ते मी बघते,” एवढ्या एका वाक्यात जी सुरक्षा आहे, ती मला अजून कोणत्याही पडद्यात आढळली नाही.

राहिले होते ते जुन्या मालकांचे दफ्तर. परवा तळघरात गाडी उभी असताना आम्ही दोघांनी ते काढायला घेतले. सर्व पुसण्याआधी एखादा क्रमांक त्यांना कळवण्याजोगा असेल म्हणून सौभाग्यवती यादी खाली सरकवीत गेल्या आणि ‘उचलू नये २’वर त्यांचे बोट टेकले. नावाखाली दहा अंक उघडले. ते मी सावकाश, दोनदा वाचले.

“कुणाचा आहे हो?” त्यांनी विचारले. त्यांना तो पाठ नाही. त्यांच्या फोनात माझे नाव असते.

“सोसायटीच्या खजिनदाराचा,” असे सांगून मी ‘सर्व पुसा’वर बोट ठेवले.