अ. सौ. पॅरिस, गं. भा. व्हेनिस आणि चि. ब्रुसेल्स यांस

मुक्काम परभणी,
मृगाची वाट पाहत

अखंड सौभाग्यवती पॅरिस, गंगाभागीरथी व्हेनिस आणि चिरंजीव ब्रुसेल्स यांस,

परभणीहून महसूल खात्याच्या एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाचा नमस्कार विनंती विशेष.

मायना कोणता घालावा याविषयी मी पुष्कळ खल केला. पॅरिसबाईंचे सौभाग्य तर कोसभरावरून दिसते. १८८९ साली अंगावर चढलेला तो लोखंडी दागिना आजही जागच्या जागी असून रात्री लुकलुकतो. व्हेनिसबाई, आपले प्रजासत्ताक १७९७ साली नेपोलियनने बुडवले आणि पुढे आपण गतवैभवाच्या आठवणींवर व पाहुण्यांच्या पैशांवर दिवस काढीत आला आहात, हे विसरून आपणांस सौभाग्यवती लिहिणे मला प्रशस्त वाटेना. शिवाय जिच्या उंबरठ्याशी अष्टौप्रहर पाणी खेळते तिला गंगाभागीरथी म्हणण्यात औचित्यभंगही होत नाही. राहता राहिले ब्रुसेल्स. ते वयाने काही लहान नव्हे. परंतु ज्याची दिगंत कीर्ती गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका उघड्या पोरावर अवलंबून आहे, त्याला चिरंजीवाखेरीज दुसरे काय लिहावे?

पत्रास कारण की, गेल्या उन्हाळ्यात, परभणीचा पारा चव्वेचाळीस अंशांवर ठाण मांडून बसला असताना, मी व माझे कुटुंब एका प्रवासी कंपनीच्या जथ्यातून अकरा दिवसांत सहा देश करून आलो. ‘करून आलो’ हा शब्दप्रयोग मी विचारपूर्वक योजिला आहे. आमचे लोक काशी करतात, चारधाम करतात, त्याच क्रियापदाने आता युरोपही करतात, आणि दोन्हींकडे पुण्याची नोंद घरी परतल्यावर शेजाऱ्यांच्या साक्षीनेच पक्की होते. परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये आमच्या जथ्याने आपणां तिघांवर खटला चालवला, आपली जबानी न घेताच एकमुखाने फैसला दिला, आणि फसवणुकीचे कलम लावून मोकळा झाला. प्रत्येकाची तक्रार निराळी होती, परंतु त्या सगळ्या एकाच शब्दात मावत होत्या. तो शब्द म्हणजे ‘एवढंच?’

मोनालिसापुढे हा शब्द प्रथम उच्चारला गेला. चित्राची उंची ७७ सेंटिमीटर आणि रुंदी ५३. आमच्या कचेरीत भिंतीला टांगलेला तालुक्याचा नकाशा याहून दुप्पट होता आणि त्याच्यापुढे एवढी गर्दी कधीही जमली नाही. मला बाईसाहेबांचे प्रत्यक्ष दर्शन घडले असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. माझ्या पुढच्या गृहस्थाने आपला फोन डोक्यावर उंच धरला होता, त्याच्या पडद्यावर मला त्याच्याही पुढच्या गृहस्थाचा फोन दिसत होता, आणि त्या दुसऱ्या फोनाच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, ती सुप्रसिद्ध स्त्री मंद हसत होती. १९११ साली हे चित्र चोरीस गेले असता भिंतीवरची रिकामी जागा पाहण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या. त्या लोकांचा तरी अपेक्षाभंग झाला नसावा, कारण रिकामी जागा ही जेवढी सांगावी तेवढीच निघते. पुढे त्या १८८९ च्या मनोऱ्यापाशी जथ्यातल्या एका वकीलसाहेबांनी ‘नुसते लोखंड’ असा शेरा मारला, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते की मनोऱ्याचा पाया खणला जात असतानाच, १८८७ साली, खुद्द पॅरिसच्या नामवंत लेखक-चित्रकारांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले होते. म्हणजे पहिली फिर्याद घरच्यांचीच होती.

पॅरिसबाई, आपल्यापायी माणसे केवळ हिरमुसतात असे नव्हे, ती आजारीही पडतात. हिरोआकी ओता नावाच्या, पॅरिसमध्येच व्यवसाय करणाऱ्या जपानी मनोविकारतज्ज्ञाने १९८० च्या दशकात असे पाहिले की काही जपानी प्रवासी मनातली पॅरिस प्रत्यक्षातल्या पॅरिसशी जुळेना म्हणून खरोखर भ्रमिष्ट होतात. या व्याधीला ‘पॅरिस सिंड्रोम’ असे नाव पडले. परभणी सिंड्रोम म्हणून कोणतीही व्याधी वैद्यकशास्त्रास ज्ञात नाही. येथे येणाऱ्याला फार तर ऊन लागते, आणि त्याची पूर्वसूचना त्याला मनमाडपासूनच मिळत आलेली असते.

व्हेनिसबाई, आपल्याविषयीची तक्रार मात्र हिशेबी आहे. २५ एप्रिल २०२४ पासून आपण काही ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्या पाहुण्याकडून दरडोई पाच युरो वसूल करू लागलात, हे ऐकून आमचा जथा खवळला. मी मात्र, आयुष्य वसुलीत गेलेले असल्यामुळे, मनातल्या मनात आपणांस सलाम केला. पंढरपुरास एकेकाळी यात्राकर होताच की, आणि तो भरून कोणा वारकऱ्याने विठोबा लहान असल्याची तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आपल्या गोंडोल्याचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो; त्यात गाणे समाविष्ट नाही. आमचा नावाडी सबंध फेरीत मुका होता आणि एका पुलाखाली त्याने जांभई दिली. जथ्याने ती जांभई अपमान मानली. मला तिच्यात दुपारी साडेतीनच्या कोणत्याही कचेरीतला प्रामाणिक कारकून दिसला. आपल्या जुन्या शहरात आता पन्नास हजार माणसेही राहत नाहीत. आमच्या परभणी शहराची २०११ ची खानेसुमारी तीन लाखांवर आहे. म्हणजे लोकसंख्येने पाहू जाता आम्ही आपल्या सहापट मोठे, आणि कीर्तीने पाहू जाता आपल्या धोबीघाटाइतकेही नाही.

चिरंजीव ब्रुसेल्स, तुझी गोष्ट तर सर्वांत गमतीची. तुझा तो सुप्रसिद्ध मुलगा पाहण्यासाठी आम्हांला चाळीस मिनिटे देण्यात आली होती आणि त्यांतली अडतीस शिल्लक राहिली. हातभर उंचीचे ते पोर निर्विकारपणे आपले लघुशंकेचे काम करीत होते. जथ्यातले एक निवृत्त गुरुजी दहा-बारा क्षण स्तब्ध उभे राहिले आणि खिन्नपणे म्हणाले, ‘एवढंच? हे तर आमच्या गल्लीत रोज सकाळी फुकट दिसतं.’ मग वाटाड्याने सांगितले की १६१९ सालचे मूळ शिल्प शहराच्या संग्रहालयात ठेवलेले असून गल्लीत १९६५ पासून उभी आहे ती प्रतिकृती. हे ऐकताच बाकीची मंडळी संतापली आणि माझे अंतःकरण मात्र भरून आले. कारण मूळ दस्तऐवज दफ्तरात कुलूपबंद ठेवून लोकांच्या हाती खरी नक्कल द्यावी, हा नियम पाळता पाळता माझे केस पांढरे झाले. तुझ्या त्या मुलास हजाराहून अधिक पोशाख आहेत आणि आम्ही गेलो त्या दिवशी नेमका त्याच्या अंगावर एकही नव्हता, ही तक्रारही मी दाखल करून घेतो व निकालात काढतो.

आता हा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार परभणीकरास कोणी दिला, असे आपण विचाराल. तो आम्हांला एका म्हणीने दिला आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे वचन बदलीच्या हुकुमाला भ्यालेल्या सरकारी नोकरांच्या तोंडून मी चाकरीभर ऐकले: जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, १९९९ साली त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला; सरकारे बदलली, नकाशे बदलले, परंतु ही म्हण कोणाच्याही अमलात बरखास्त झाली नाही. तिचा लाभ असा की येथे येणारा प्रत्येक मनुष्य अपेक्षेची गाठोडी मनमाडलाच टाकून गाडीत बसतो. मग गंगाखेडला उतरून गोदावरीचा घाट दिसला आणि हे जनाबाईचे गाव असे कळले की तो चकित होतो, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात हिंदू-मुसलमान एकाच रेवडीच्या दुकानापुढे उभे दिसले की हरखतो, बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत याच मुलखात कथा-कविता लिहीत होते, १९९५ चे साहित्य संमेलन नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले, हे ऐकून तर त्याला वाटते, अरे, एवढं? शब्द तोच, फक्त त्यातला ‘च’ गळालेला. आपल्या आणि आमच्या लौकिकात अंतर आहे ते त्या एका अक्षराचे.

परंतु केवळ परभणीची फुशारकी मारण्यासाठी मी दौतीत टाक बुडवलेला नाही. मला एक कबुलीजबाब द्यावयाचा आहे.

आपली चित्रे आमच्या मनात आपण काढली नाहीत. ती आमच्याच माणसांनी काढली. अनंत काणेकर १९४० साली ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ लिहून गेले, गाडगीळांनी ‘साता समुद्रापलीकडे’ नेले, पु. लं. च्या ‘अपूर्वाई’ने तर आमच्या सबंध पिढीला पारपत्रावाचून विलायत दाखवली, मग सिनेमा आला, त्यात स्वित्झर्लंडच्या गाईंच्या गळ्यातल्या घंटाही सुरात वाजू लागल्या. यांपैकी लेखकांना जे दिसले ते त्यांनी चालत चालत, चुकत, पैसे मोजत, कुणाशी तरी बोलत पाहिलेले होते. आम्ही त्यांनी पाहिलेले पाहायला निघालो. हातात यादी, बसमधून उतरायचे, समोरची वस्तू मनातल्या चित्राशी ताडून पाहायची, जुळली तर बरोबरची खूण, न जुळली तर ‘एवढंच?’ आणि दोन्ही प्रसंगी छायाचित्र. याला आमच्या खात्यात पडताळणी म्हणतात. ती मी छत्तीस वर्षे केली, आणि पडताळणीस आलेल्या माणसावर कोणतीही वस्तू कधीच प्रसन्न होत नाही, हे मला कळावयास हवे होते. रात्री पॅरिसच्या उपनगरात कंपनीच्या आचाऱ्याने केलेला वरणभात जेवताना ‘घरच्यासारखी चव नाही’ अशीही तक्रार झाली. म्हणजे आम्हांला पॅरिस पॅरिससारखे हवे होते आणि वरण परभणीसारखे, आणि दोहोंचाही ठपका आपल्यावर.

मला उमज पडली ती जर्मनीत. आपणांस ठाऊक नसेल, आमच्याकडे दुसरीही एक म्हण आहे, आणि ती आम्ही छाती काढून म्हणतो: ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. जथा मुंबईस परतल्यावर आम्ही उभयता चार दिवस तेथल्या पुतण्याकडे राहणार होतो, म्हणून विमानतळावर त्यांना निरोप देऊन रेल्वेने निघालो. गाडी बदलण्यासाठी एका लहानशा जंक्शनवर उतरलो, तो पुढची गाडी पंचावन्न मिनिटे उशिरा. फलाटावर एक वृद्ध जर्मन गृहस्थ बसले होते. त्यांनी पाटीकडे पाहिले, मनगटी घड्याळाकडे पाहिले, आणि लांब, संथ, भाषेपलीकडचा असा एक सुस्कारा टाकला, जो मी पूर्णा जंक्शनवर हजार वेळा ऐकला आहे. कुटुंबाने डबा उघडून शेंगदाण्याच्या चटणीची दशमी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती संशयाने घेतली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली, आणि दुसरी मागितली. मग मोडक्या इंग्रजीत त्यांनी आपल्या रेल्वेविषयी जे भाषण केले त्यातले प्रत्येक वाक्य मला पाठ होते. फक्त गाड्यांची नावे निराळी होती. त्या पंचावन्न मिनिटांविषयी कोणत्याही पुस्तकाने मला काही सांगितले नव्हते, यादीत त्यांना जागा नव्हती, आणि अकरा दिवसांत प्रथमच मी काही ताडून न पाहता पाहत होतो. ती म्हण खरी असल्याची खात्री मात्र पटली, जरी कर्त्याला अभिप्रेत नसलेल्या अर्थाने.

परत आल्यावर मी चारठाण्याला गेलो. जिंतूर तहसिलीत मी सात वर्षे काढली, चारठाण्याची जमाबंदी तपासली, पीकपाहणीस त्या शिवारातून सायकल हाकली. परंतु तेथील प्राचीन देवळांकडे कधी मान वळवली नाही, कारण ती माझ्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. या खेपेस कोरीव स्तंभाखाली सावलीत बसलो. काळ्या पाषाणातल्या एका मूर्तीचे नाक गेले होते आणि उरलेल्या चेहऱ्यावर तरीही कोणाविषयी तक्रार नव्हती. तिच्या पायाशी एक शेळी रवंथ करीत होती, दगड तापला होता, आणि बारवेच्या पायऱ्या उतरू लागताच तळव्यांना तो थंड लागू लागला. शेळीमागचा मुलगा माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाला, ‘काका, मोजणीला आलात का?’ मी म्हणालो, ‘नाही रे, नुसतं बघायला.’ हे वाक्य उच्चारण्यासाठी मला सहा देश करावे लागले.

सबब, अर्जदाराची विनंती अशी की आमच्या जथ्याचा फैसला आपण रद्दबातल समजावा, आणि कधी आमच्यासारख्या पाहुण्यांच्या शेऱ्यांनी मन विटले तर काही दिवस रजा काढून परभणीस यावे. गाडी येथे कोणत्याही वेळी येते. स्टेशनाबाहेर चहा मिळतो. पाहण्यासारखे काय आहे, असे विचारू नये. तसे कोणतेही आश्वासन मी देत नाही, आणि आपल्या मनात काही आगाऊ भरू नये म्हणून छायाचित्रेही पाठवीत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक परभणीकर

सोबत : काही नाही.