कर्जसोडपत्र

धाकट्या भावाचा फोन आला की मी आधी बँकेतली शिल्लक बघतो. आमचं बोलणं तसं गणपतीत होतं, नाहीतर हप्ता बाउन्स झाला की. मागच्या खेपेला पगार चार दिवस लांबला, तर वसुलीवाल्या पोराने मला सोडून त्याला गाठलं आणि त्याने मला. ‘दादा, हप्ता गेला नाही रे. बाकी बरं ना? आईचे गुडघे?’ आईच्या गुडघ्यांची चौकशी करायला सहा महिन्यांनी का होईना कुणीतरी भाग पाडलं, म्हणून मी त्या पोराचा ऋणी आहे. बँकेचा तर आहेच.

एकत्र कुटुंब बुडालं म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा गृहकर्ज विभागात डोकावून यावं. तिथे ते सुखरूप आहे. चुली वेगळ्या झाल्या, देव वाटून घेतले, पितळेचा बंब कुणाकडे यावरून वर्षभर अबोला झाला. कर्ज मात्र एकत्र नांदतं आहे.

आमचं नांदायला लागलं 2016 साली. डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. बँकेचा एजंट संध्याकाळी घरी आला, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, ‘दादांच्या एकट्याच्या पगारावर अठरा बसतात. धाकट्यांना घेतलं तर पंचवीस.’ धाकटा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्याला लगेच घेतलं. पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या जागांवर आम्ही दोघांनी किती सह्या केल्या, ते मोजायचं भान राहिलं नाही. पोहे संपायच्या आत आम्ही सहमालक आणि सहकर्जदार झालो. वीस वर्षं, पंचवीस लाख.

पुढे त्याचं लग्न झालं, 2021 मध्ये तो वाकडला गेला आणि तेव्हापासून हप्ता मी भरतो. आता त्याला तिकडे स्वतःचं घर घ्यायचं आहे. नव्या बँकेने त्याचा सिबिल रिपोर्ट काढून विचारलं, ‘हा डोंबिवलीचा बावीस हजार तीनशेचा हप्ता?’

‘तो दादा भरतो.’

‘भरतात ना. पण उद्या नाही भरला तर?’

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते 1872 मध्येच देऊन झालं आहे. भारतीय करार कायद्याचं 43 वं कलम सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल, तर सावकार हवा त्या एकाला धरून सगळं वसूल करू शकतो. दोघांनी आपसांत काय वाटून घ्यायचं ते त्यांनी घरी जाऊन बघावं. इंग्रजांना भारतातले भाऊ फार लवकर कळले होते.

तेव्हा त्याचं नाव काढायचं ठरलं. मी अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने मनापासून शोधलं. ‘सर, नाव वाढवायचा फॉर्म आहे. काढायचा नाही आहे.’ मग म्हणाली, ‘काकांचं निधन वगैरे झालंय का? मग होईल.’ मी धाकट्याला हा पर्याय कळवला नाही.

आतल्या साहेबांनी नीट समजावलं. कर्जातून नाव काढायचं तर आधी घरातून नाव काढा, कारण जो मालक तो कर्जदार. घरातून काढायचं तर दस्त नोंदवावा लागेल. पण घर बँकेकडे गहाण आहे, तेव्हा दस्ताला बँकेची एनओसी लागेल. आणि एनओसी? ‘कर्जातून नाव निघालं की लगेच.’ मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तितक्याच प्रेमाने सांगितलं.

वाट अगदीच बंद नव्हती. माझ्या एकट्याच्या नावावर नवं कर्ज करायचं आणि त्यातून जुनं फेडायचं. बाकी आहेत अठरा लाख. साहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ‘वय?’ पंचावन्न. ‘निवृत्ती?’ साठ. ते म्हणाले, ‘अच्छा’. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणतात तसं. आजवर मुदत धाकट्याच्या वयावर चालत होती, ती 2036 पर्यंत. मी एकटा राहिलो की मुदत पाच वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता बावीस हजार तीनशेवरून सदतीस हजारांच्या घरात. आणि सदतीस हजारांचा हप्ता माझ्या पगाराला झेपणार नाही, म्हणून असं कर्ज बँक मला देणारच नाही. म्हणजे गेली पाच वर्षं जो एक पैसा भरत नाही, त्याच्या केवळ तरुण असण्यावर माझं घर उभं आहे. हे ऐकून मला त्याच्याविषयी आदर वाटला. थोडा रागही आला.

मग वकील. वकिलांकडे दोन कागद असतात, हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र. धाकटा म्हणाला, ‘हक्कसोडपत्र करू, मी हक्क सोडतो.’ वकील म्हणाले, ‘हक्क सोडाल हो, कर्ज कसं सोडाल?’ मराठीत कर्जसोडपत्र असा शब्दच नाही. शिवाय घर वडिलोपार्जित नाही, विकत घेतलेलं आहे, त्यामुळे हक्कसोडपत्राला खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क. त्यापेक्षा बक्षीसपत्र स्वस्त.

इथे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाने नात्यांचा जो दरतक्ता लावला आहे, तो प्रत्येकाने वाचावा. राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये. भावाला किंवा बहिणीला दिलं तर 3 टक्के. आईने मुलाला दिलं तर 200 रुपये, मुलाने आईला दिलं तर मात्र 3 टक्के. मालमत्ता पाण्यासारखी खालीच वाहते, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. ती वर चढवायची म्हणजे पंप लावावा लागतो, त्याचं बिल वेगळं. आमच्या साठ लाखांच्या घरात धाकट्याचा हिस्सा तीस लाखांचा, त्यावर 3 टक्के म्हणजे नव्वद हजार. वरचे अधिभार निराळे.

‘पण,’ वकील म्हणाले. वकिलांची फी या शब्दापासून सुरू होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. इथे तर भाऊ हिस्सा देणार आणि मी त्याच्या वाट्याचं कर्ज अंगावर घेणार. कर्ज अंगावर घेणं हाच मोबदला, असं कुणी म्हटलं की ते बक्षीस राहत नाही, विक्री होते. विक्री ठरली की दर बदलला. म्हणजे भावाने प्रेमाने दिलेल्या भेटीतलं प्रेम किती आणि कर्ज किती, हे दुय्यम निबंधक ठरवणार.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने सहमतीने घटस्फोट घेतला. कोर्टाने विचार करायला सहा महिने दिले आणि सोडलं. बँकेने अजून सोडलेलं नाही. तिच्याकडे विचाराला वीस वर्षं असतात. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण दर महिन्याच्या पाच तारखेला एकाच मिनिटाला दोघांच्या मोबाइलवर एकच मेसेज येतो.

सोसायटीचं काम सोपं निघालं. कुटुंबातल्या हस्तांतरणावर प्रीमियम घेता येत नाही, हे सेक्रेटरींना माहीत होतं. ते फक्त लिफ्टकडे बघून दोनदा सुस्कारले.

शेवटी रविवारी धाकटा आणि भावजय आले. आईने शिरा केला. शिरा म्हणजे घरात काहीतरी वाटून घ्यायचं आहे, हे आम्ही लहानपणापासून ओळखतो. भावजयीने लॅपटॉप उघडला. 2016 ते 2021 मध्ये धाकट्याने भरलेले हप्ते एका रकान्यात, त्यावरचं व्याज दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात गीझर. ‘दादा, तुम्ही म्हणाल तसं,’ ती म्हणाली, आणि बेरीज आधीच करून ठेवलेली होती. आमच्या हिने स्वयंपाकघरातून सांगितलं की गीझर 2019 मध्येच गेला. आपल्याला दोन्ही लेकांच्या घरी राहायला मिळेल ना, एवढंच आईला जाणून घ्यायचं होतं. तिचं नाव कुठल्याच कागदावर नसल्यामुळे प्रश्न तेवढाच होता. ‘हो गं,’ दोघेही एकदम म्हणालो. कित्येक वर्षांत आमचं एवढं एकमत झालं नव्हतं.

मंगळवारी बँकेतून साहेबांचाच फोन. त्यांनी रात्रभर विचार केला होता. ‘तुमचा मुलगा काय करतो?’

यंदाच नोकरीला लागलाय, मी म्हणालो.

‘वय?’

तेवीस.

पलीकडे शांतता पसरली. ‘मग प्रश्न कुठे आहे? काकांच्या जागी त्याला घेऊ. मुदत पंधरा करू, वीस करू. हप्ता आजच्यापेक्षा खाली येईल. वर पाच लाखांचा टॉप-अप बसतो, त्यातून तुमचं मुद्रांक शुल्क भागवा. आणि त्याला मालक करायची गरज नाही, नुसता सहकर्जदार.’

फॉर्म घेऊन माणूस संध्याकाळी घरी आला. या खेपेलाही पोहेच होते. फुल्या आता पेन्सिलीने नसतात, पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. पोरगा पानं उलटत होता. त्याच्या पिढीला वाचायची खोड आहे.

‘बाबा, काका यातून सुटला?’

‘जवळजवळ.’

‘आणि पुढे मला घर घ्यायचं असेल, तर माझं नाव काढता येईल ना?’

मी त्याला पेन दिलं.