नानांची गुप्त तालीम

नानांनी आयुष्यात कुठलेही कष्ट गुपचूप केलेले नाहीत. पर्वती चढले तर फोटो सकाळी सातच्या आत ग्रुपवर. सूर्यनमस्कारसुद्धा गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून. अशा माणसाला प्रोस्टेट काढल्यावर असा व्यायाम सांगावा की जो दुसऱ्याला दिसला तर चुकला, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

या ऑपरेशननंतर काही काळ लघवीवरचा ताबा ढिला होतो. शिंकायची भीती, हसायची त्याहून जास्त. फिजिओथेरपिस्ट मुलीनं समजावलं, "काका, ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. ती आवळायची, पाच मोजायचे, सोडायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले हलता कामा नयेत. श्वासही रोखायचा नाही."

"नेमके कुठले स्नायू?"

"मंगलाष्टकं चालू आहेत आणि पोटात वायू धरलाय. काय आवळता?"

नानांना शरीरशास्त्र एका वाक्यात समजलं.

हे व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली बायकांच्या बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी मांडले, हे कळल्यावर नाना रुसून बसले. मग त्यांना हठप्रदीपिकेतला मूलबंध आठवला आणि व्यायाम एका रात्रीत स्वदेशी झाला.

मुलानं फोनवर ॲप घालून दिलं. फोन थरथरला की आवळायचं, पुन्हा थरथरला की सोडायचं. आवळण्यात नाना जन्मजात तयार. अडचण सोडण्याची. आवळण्याइतकंच पुरतं सैल सोडणंही महत्त्वाचं असतं, आणि ज्यानं १९८७ पासूनची विजेची बिलं सोडलेली नाहीत त्याला ते जड जाणारच.

"अहो, मटार सोलता सोलता मध्येच आढ्याकडे काय बघता?" माईंनी विचारलं.

"बंध लावतोय."

"लावा. पण किडका दाणा चांगल्यात टाकलात."

खरी पंचाईत पुढेच होती. ॲप रोज शाबासकी देई, सलग दिवसांचा आकडा वाढवी, आणि तो दाखवायचा कोणाला? तीन आठवडे नानांनी तो गिळला. (लघवी आवरण्यापेक्षा हे अवघड होतं, असं माझं मत आहे.) शेवटी ग्रुपवर नुसता आकडा पडला: "२१ दिवस. अखंड. साधना." फुलं आली, जोडलेले हात आले. कोणी जप समजलं, कोणी मौन. ज्येष्ठ नागरिक संघानं लगेच 'प्रात्यक्षिकासह व्याख्यान' ठरवून टाकलं. नाही म्हणणं नानांच्या रक्तात नाही. माईक म्हटल्यावर तर नाहीच.

मूलबंधाच्या आडून सुरुवात करून नाना दहा मिनिटांत प्रोस्टेटवर आले. सभागृह एकदम शांत. मग प्रात्यक्षिक. नाना खुर्चीत ताठ बसले, फोन थरथरला, श्रोते टक लावून बघत राहिले. दहा आवर्तनं झाली. कोणाला काही म्हणजे काही दिसलं नाही. तरी टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांना जोराची शिंक आली तेव्हा ते घाईघाईनं बाहेर गेले.

त्या आठवड्यात चार जण एकेकटे गाठून ॲपचं नाव विचारून गेले. चौथे जाता जाता म्हणाले, "माझ्यासाठी नाही हं, मेहुण्यासाठी."

"हो हो," नाना म्हणाले, "आधीचे तिघंही मेहुण्यांसाठीच घेऊन गेले."