फिश टँकमधील कीटकांचा बंदोबस्त : एक सुलभ मार्गदर्शिका

प्रस्तावना. फिश टँकमध्ये मासे असतात, हा गैरसमज पहिल्या सहा महिन्यांत दूर होतो. टँकमध्ये कीटक असतात. मासे हा त्यांचा आहार. सदर मार्गदर्शिका आमच्या हॉलमधल्या अडीच फुटी टँकच्या अनुभवावर आधारित आहे. टँक ह्यांचा. बादल्या माझ्या.

नियम १. फुकटची वनस्पती घरात घेऊ नये. दुकानात जुडी विकत मिळते. आमची गावच्या तळ्यातून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीने आली. ‘‘एकदम नैसर्गिक आहे,’’ असं हे म्हणाले. होतीच. चतुराची एक नाजूक भाऊबंद असते, टाचणी. ती पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. काही चतुरही तेच करतात. नळाखाली धरून तुम्ही पानं धुता, अंडी देठात सुखरूप.

नियम २. घेतलीच, तर तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावी. अंडी फुटून जे काय निघायचं ते तिथेच निघतं. हा नियम ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वनस्पती टँकमध्ये लावून झाल्यावर.

नियम ३. मासे मोजावेत. आमचे गप्पी बारा होते. मग दहा, मग नऊ. प्रेत एकाचंही नाही. ह्यांचा पहिला संशय शेजारच्या मांजरावर गेला, दुसरा माझ्यावर. पाणी बदलताना मी तीन मासे मोरीत ओतून दिले, असा आरोप चार दिवस माझ्या डोक्यावर होता. तो अद्याप रीतसर मागे घेण्यात आलेला नाही.

नियम ४. आरोपी ओळखावा. टाचणीचं पिल्लू काडीसारखं असतं, शेपटाला तीन पानांसारखे कल्ले. चतुराचं पिल्लू बुटकं, जाड, मातकट. गाळात बसलं की गाळच. (शास्त्रात ह्याला ‘अर्भक’ म्हणतात. तीन गप्पी खाणाऱ्याला अर्भक!) त्याचा खालचा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. मासा टप्प्यात आला की तो कॅरमच्या स्ट्रायकरसारखा सुटतो आणि माशाला धरून परत येतो. पळायची वेळ आली तर हा प्राणी मागच्या बाजूने पाणी सोडतो आणि पुढे सटकतो. बादली उचलायचं नाव काढल्यावर हॉलमधून बाल्कनीत जाण्याची ह्यांची गतीही साधारण तीच.

नियम ५. पकडावा. औषधाच्या नादी लागू नये. वनस्पती नि लाकूड पांढऱ्या टबात काढून झटकावं, तळचा गाळ नळीने ओढून घ्यावा. रात्री दिवे बंद करून टॉर्च मारावा. हे दोन रात्री टँकसमोर पाटावर बसून होते, गुडघे दुखतात म्हणून एरवी सत्यनारायणालाही न बसणारे. तिसऱ्या रात्री सापडला. चहाच्या गाळणीत.

नियम ६. टँकच्या खोलीत फवारा मारू नये. डासांसाठी, झुरळांसाठी जी औषधं असतात त्यांतली बरीचशी माशांना जहर असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. फवारणी टाळताच येत नसेल तर टँक झाकून पंप बंद करावा, पण फार वेळ नाही, मासे गुदमरतात. झुरळांना जेल लावावं. माशांच्या खाद्याचा डबा घट्ट लावावा, हे मी वीस वेळा सांगितलं. मुंग्यांनी एकविसाव्यांदा सांगितलं.

नियम ७. तरंगत्या पानांवर मावा पडला तर पानं काही तास पाण्याखाली दाबून ठेवावीत. मावा सुटतो, मासे खातात.

नियम ८. पकडलेला कीटक पाळू नये. हा नियम मी केला आहे, आणि सगळ्यांत आधी यायला हवा होता. ह्यांनी आरोपीला श्रीखंडाच्या डब्यात ठेवलं. त्याला हलतं अन्नच लागतं म्हणून बाल्कनीत एक बादली पाणी उघडं ठेवलं, डासांच्या अळ्यांसाठी. डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत सगळं आठ-दहा दिवसांत आटोपतं. तेवढ्यात भर पावसाळ्यात आरोग्य खात्याची मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या, फ्रिजमागचा ट्रे बघितला, आणि बादलीपाशी थांबली. हे उत्साहाने पुढे झाले. ‘‘ह्या बघा, डोकं खाली करून लटकतायत ना? मलेरियाच्या असत्या तर पाण्याला समांतर, आडव्या राहिल्या असत्या. ह्या पाळल्यात.’’

‘‘काका, पाळल्यात असं लिहू?’’

तिने बादली ओतली, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगितलं, आणि जाताना मायेने म्हणाली, ‘‘गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. हवे तर आमच्याकडून घेऊन जा.’’

मी हॉलमधल्या नऊ जणांकडे बघितलं.

नियम ९. डब्यात काडी उभी ठेवावी. हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी माझ्या खराट्याची एक ओढून काढली होती. महिन्याभराने पहाटे हाक आली. मी रागानेच गेले. पिल्लू काडीवर चढून बसलं होतं, पाठ उकललेली, आणि त्यातून चुरगळलेलं काहीतरी बाहेर येत होतं. पंख धुतलेल्या रुमालासारखे हळूहळू सरळ झाले. दोघंही बोललो नाही. चहा राहिला. उन्हं आली तसा तो बाल्कनीतून गेला, समोरच्या इमारतीकडे. चतुर उडताना डास खातो म्हणतात. आमचे डास आमच्याकडेच आहेत.

काडीवरची कात ह्यांनी शोकेसमध्ये ठेवली आहे, माझ्या निवृत्तीच्या ट्रॉफीशेजारी.

परिशिष्ट. लागणारं साहित्य : पांढरा टब, नळी, टॉर्च, पाट, चहाची गाळणी. गाळण्या दोन आणाव्यात, आणि कुठली कुठे वापरली हे ह्यांना विचारू नये.